जालन्याचे अण्णा

नाते सांगणे ही आपल्याकडे एक स्वतंत्र विद्या आहे. लग्नाच्या मांडवात एखादी वृद्ध बाई तुमचा दंड धरते आणि "मला ओळखलंस का?" म्हणून विचारते. तुम्ही ओशाळे हसता. मग ती आत्या, मावशी, जाऊ, साडू अशा पायऱ्या चढत-उतरत शेवटी तुमच्यापर्यंत येऊन पोचते आणि विजयी मुद्रेने म्हणते, "म्हणजे तू माझी नातच की!" अशा नात्यांना आपण 'दूरची नाती' म्हणतो. पंगतीत पान वाढण्यापुरती ती उपयोगी, एरवी अडगळीची, अशी आपली समजूत असते.

जालन्याचे अण्णा हे आमचे असेच दूरचे नातेवाईक. माझ्या वडिलांच्या आत्याच्या जावेचे ते धाकटे भाऊ. वाचकांनी हे नाते बोटांवर मोजून पाहावे. त्यात रक्ताचा एक थेंबही सापडणार नाही. आम्हांला त्यांचे सोयर नाही आणि सुतकही नाही. पण १९६३ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे एकोणतीस वर्षे, त्यांचा-माझा पत्रव्यवहार चालला. एवढ्या काळात आमची प्रत्यक्ष भेट झाली दोनदाच, आणि दोन्ही वेळा मिळून पाच दिवसांची. बाकीचे सारे अण्णा मला पोस्टमनने आणून दिले.

वडिलांचे एक उन्हाळी सुट्टीचे वर्ष जालन्यात आत्याकडे गेले होते, तेव्हापासून त्यांची आणि अण्णांची मैत्री. पुढे आत्या गेल्या, वडील पुण्यात नोकरीला लागले आणि दोन्हीकडून दसऱ्याला आपट्याचे पान व संक्रांतीला चार दाणे तिळगूळ पाकिटातून जायचे, एवढाच व्यवहार उरला. मी तेरा वर्षांची असताना एकदा वडिलांनी कार्ड लिहून झाल्यावर खाली उरलेली दोन बोटे जागा दाखवली आणि म्हणाले, "अक्षर सुधारायचं असेल तर इथं दोन ओळी लिही." मी लिहिले : 'ती. स्व. अण्णांस सा. न. आमच्याकडे पाऊस आहे. तुमच्याकडे आहे का?'

आठ दिवसांनी माझ्या नावाचे स्वतंत्र कार्ड आले. आयुष्यात माझ्या नावाने आलेले ते पहिले टपाल! माथ्यावर 'श्री', खाली मोत्यासारखे अक्षर : 'चि. कु. - हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की, मृग कोरडा गेला, आर्द्रेने तोंड दाखवले, पुनर्वसूवर भरवसा आहे. पेरणी झाली की कळवीन.' आणि पेरणी झाल्यावर खरोखरच कळवले.

अण्णा जालन्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर दिवाणजी होते. मोंढा म्हणजे धान्याची पेठ. हा शब्द पुण्यामुंबईच्या वाचकांना परका वाटेल, पण मराठवाड्याची सारी नाडी तिथे कळते. 'जालना सोने का पालना' अशी म्हण आहे, आणि अण्णा ती प्रत्येक दिवाळीच्या पत्रात लिहीत. पाऊस पडला नाही की पुढे कंसात पुस्ती जोडत : 'यंदा पाळणा रिकामा.' पाऊसपाणी, ज्वारी-सरकीचे भाव, कुंडलिका नदीला आलेले पाणी, आषाढी एकादशीची आनंदी स्वामींची यात्रा, धुळवडीचा हत्ती रिसाला, रामनवमीला समर्थांच्या जांब गावी जाऊन आल्याची हकीकत : एवढे सगळे एका कार्डात बसवण्याची त्यांची हातोटी होती. मजकूर संपला आणि जागा उरली, असे कधी झाले नाही. आणि जागा संपून मजकूर उरला, असेही नाही. शेवटी सही मोडीत, एका फटकाऱ्यात. आमच्या घरात ती फक्त वडिलांना वाचता येई.

मोडी त्यांना वडिलांनी शिकवली होती, मराठी आईने, आणि शाळेने उर्दू. निजामाच्या राज्यात सरकारदरबारची भाषा उर्दू. त्यांची जन्मतारीखसुद्धा फसली सनात होती. 'माझा जन्म तेराशे बाविसातला' असे त्यांनी मला पहिल्याने लिहिले, तेव्हा मी घाबरून वडिलांकडे धावले होते. फसली सनात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन निघतो, असा हिशेब वडिलांनी शिकवला. म्हणजे अण्णा १९१२-१३ चे.

त्या राज्यात टपालसुद्धा निराळे होते. निजाम सरकारची तिकिटे संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. हद्दीबाहेर पत्र घालायचे तर इंग्रजी सरकारचे तिकीट हवे. नाणेही वेगळे, हाली शिक्क्याचे. 'पुण्याला पत्र लिहायचे म्हणजे परदेशी लिहिल्यासारखे होते,' असे अण्णा लिहीत. १९४७ च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, पण जालन्याला स्वातंत्र्य मिळाले तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले तेव्हा. मधल्या त्या काळात रझाकारांच्या भीतीने कितीतरी कुटुंबे हद्द ओलांडून गेली. अण्णांनी बायकोला आणि तान्ह्या मुलाला नगर जिल्ह्यात एका ओळखीच्या घरी ठेवले आणि स्वतः दुकानाच्या चोपड्या सांभाळायला मागे राहिले. चार महिने मुलाची खुशाली कळली नाही. १९५० साली संस्थानाचे टपाल भारताच्या टपालखात्यात विलीन झाले, त्याचे त्यांना केवढे अप्रूप! 'लोक म्हणतात, स्वातंत्र्य आले म्हणजे काय झाले? मी म्हणतो, एका तिकिटात पुणे आले,' असे त्यांचे वाक्य मला पाठ आहे. पत्राची किंमत त्यांना का एवढी वाटे, याचे कोडे ते वाचून सुटले.

पहिली भेट १९६९ च्या मे महिन्यात झाली. दौंडवरून मनमाड, तिथे गाडी बदलून मीटर गेजच्या छोट्या गाडीने जालना. फलाटावर एक उंच, सडपातळ गृहस्थ काळी टोपी घालून उभे होते. पत्रात इतके बोलके असणारे अण्णा समोर आल्यावर मात्र गप्प. तीन दिवसांत मिळून तीस वाक्ये बोलले नसतील. पुण्यास परतले तर माझ्याआधी त्यांचे कार्ड पोचलेले : 'तू आलीस, फार आनंद झाला. बोलावयाचे पुष्कळ होते, ते आता लिहितो.' काही माणसांना जीभ देवाने बोटांत दिलेली असते!

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षीची अण्णांची कार्डे मी आजही एका दमात वाचू शकत नाही. आदल्या वर्षीही पाऊस ओढ देऊन गेलाच होता. एकेक नक्षत्र कोरडे जात होते आणि अण्णा इमानाने त्याची नोंद करीत होते. मोंढ्यात धान्यच नाही, म्हणून दिवाणजींना काम नाही. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापता थापता तुटते, असे त्यांनी लिहिले. खेड्यांतून रोजगार हमीची कामे निघाली. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता असे मातब्बर शेतकरी खडी फोडायला बसले. 'काल एक पाटील भेटले. त्यांचे धान्य मी पंधरा वर्षे मापले. त्यांनी हात पाठीमागे लपवले. मीही हाताकडे पाहिले नाही,' एवढेच एका कार्डात होते.

वडिलांनी पन्नास रुपयांची मनीऑर्डर केली. ती परत आली नाही. पण आठवड्याने अण्णांचीच पन्नासाची मनीऑर्डर आली, आणि कुपनावर मजकूर होता : 'रक्कम पोचली, तीच पाठवीत आहे. राग नसावा. आपल्या नात्यात पैशाची नोंद आजवर नाही, ती चोपडी कोरीच राहू द्यावी. मुलीच्या पत्रात खंड पडू देऊ नये, तेवढे पुरे.' वडील बराच वेळ ते कुपन हातात धरून बसले होते.

आता सांगते ती गोष्ट १९७४ ची. तोवर माझे लग्न झाले होते, मी पुण्यात एका शाळेत शिकवीत होते, आणि अण्णांचा मायना 'चि. कु.' वरून 'चि. सौ.' वर आला होता. श्रावणात एके दिवशी कोपरा फाडलेले कार्ड आले. जुन्या वाचकांना त्याचा अर्थ सांगायला नको. असले कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचे आणि तिथेच फाडून टाकायचे, अशी रीत. अण्णांचा एकुलता एक मुलगा विषमज्वराने गेला होता. ज्याला तान्हा असताना हद्दीपार ठेवले होते, तोच. मागे सत्तावीस वर्षांची बायको आणि चार वर्षांची मुलगी.

त्यानंतर दोन महिने पत्र नाही. मग आले ते कार्ड नव्हते, बंद पाकीट होते. अण्णांना बंद पत्राचे वावडे असे. 'कार्डात लपवण्यासारखे काही नसते, म्हणून ते लवकर पोचते,' असे ते म्हणत. पाकीट पाहूनच माझ्या पोटात कालवले. आत लिहिले होते :

'सून माहेरी पाठवावी असे भाऊबंद म्हणतात. माहेरी सावत्र आई आहे. येथे ठेवावी तर मी किती वर्षांचा? पोरीची शाळा आठवीपर्यंत झाली आहे, डोके चांगले आहे. तिला शिकवता येईल काय? येथे हे कोणास विचारावे? जवळची माणसे प्रत्येकजण काही ना काही हिशेबाने उत्तर देतील. कोणाचा डोळा घरावर, कोणास लोकांचे भय. तुझा यात काही वाटा नाही, म्हणून तुला विचारतो. दुसरे असे : परवा तिच्या नावाने तिच्या काकांचे पत्र आले, त्यावर गं. भा. लिहिले होते. बरोबरच आहे, रीतच आहे. पण मी तिचे नाव कोठे लिहू लागलो की माझा हात त्या दोन अक्षरांवर धजत नाही. मी आजपासून तिला नुसते चि. लिहिणार. तुझे मत कळवावे.'

नव्या वाचकांसाठी सांगते, गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. विधवेच्या नावामागे ही अक्षरे लावण्याची आपल्याकडे रीत होती. शब्द पवित्र, पण पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत साऱ्या जगाला पाकिटावरूनच त्या बाईची स्थिती कळावी, अशी त्याची योजना! मी उत्तरी लिहिले की दोन्ही गोष्टी कराव्यात; शिकवावे आणि चि. लिहावे.

शाळेत न जाता बाहेरून एस.एस.सी.ला बसायचे तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो औरंगाबादच्या विभागीय मंडळाकडे जायचा होता. अण्णांनी साठी उलटल्यावर त्यासाठी चार खेपा केल्या. गणित ते स्वतः शिकवीत, कारण व्याज, नफातोटा आणि वजनमापे यांत त्यांना हरवणारा मोंढ्यात कोणी नव्हता. इतिहास-भूगोल ती आपला आपण वाचे. अडले ते इंग्रजीपाशी. अण्णांचे शिक्षण उर्दूत, सुनेचे खेड्यात. मग आम्ही एक युक्ती काढली. दर सोमवारी मी एक कार्ड टाकी. त्यावर दहा इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि एक नियम. शनिवारपर्यंत तिचे कार्ड येई, दहा वाक्यांचे. चुका मी तांबड्या शाईने दुरुस्त करून कार्ड पाकिटात घालून परत पाठवी. सव्वादोन वर्षे हा पोस्टाचा वर्ग चालला. पोस्टमन एकदा म्हणाला, "बाई, हे जालन्याचं विद्यार्थी कार्ड आलं पहा." तोपर्यंत त्यालाही निकालाची उत्सुकता लागली होती.

भाऊबंदांना हे रुचले नाही. दिवसकार्याला आमंत्रण येईना, वाटेत भेटले तर लोक रस्ता बदलू लागले. अण्णांनी लिहिले, 'मोंढ्यातील दोन असामी माझ्याशी बोलत नाहीत. ज्वारीच्या भावावर परिणाम नाही.' हे वाचून मी हसले खरी, पण त्याच कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : 'रात्री झोप लागत नाही. निकाल वाईट लागला तर लोक तिला हसतील, मला नव्हे.'

१९७७ च्या मार्चात ती परीक्षेस बसली आणि इंग्रजीत नापास झाली. तारेने कळवण्यासारखी बातमी नव्हती, ती कार्डानेच आली. अण्णांनी लिहिले, 'आठपैकी सात पोती घरात आली. एक शेतात भिजले. ऑक्टोबरात आणू.' ऑक्टोबरात ते पोते आले! त्या दिवशी मात्र तार आली. तारेत शब्दामागे पैसे पडत, म्हणून अण्णांनी फक्त एक शब्द पाठवला होता : 'पास'. मग तिने शिक्षणशास्त्राची पदविका पुरी केली आणि १९८० च्या जूनमध्ये अंबड तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाली. पहिल्या पगारातून तिने सासऱ्यांना धोतरजोडी घेतली नाही. शंभर कोरी कार्डे आणून दिली. 'आता मला आणखी शंभर पत्रे जगणे भाग आहे,' असे अण्णांनी त्यांतल्या पहिल्या कार्डावर लिहिले.

ती नोकरीस लागली तेव्हा जिल्हा परिषद औरंगाबादची होती. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबादमधून निघाले आणि परतूर परभणीतून आला. त्या आठवड्याच्या कार्डावर अण्णांनी पत्ता ठळक लिहिला होता : 'ता. जि. जालना'. खाली टीप : 'माझ्या हयातीत पत्ता तिसऱ्यांदा बदलला, आणि घर मी एकदाही बदलले नाही.' निजामाचे राज्य, मग १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र आणि आता हा नवा जिल्हा. बदल मोजले तर तिनाहून जास्तच भरतील, पण अण्णा पत्त्याच्या बाबतीत फक्त कार्डावर लिहिल्या जाणाऱ्या ओळी मोजीत. पिनकोडाचे त्यांना असेच कौतुक. १५ ऑगस्ट १९७२ पासून ही सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले कोकणातले, वर संस्कृतचे कवी, हे समजल्यावर ते बेहद्द खूश झाले. ४३१२०३ हे आकडे ते श्लोकासारखे म्हणत.

दुसरी भेट १९८३ ची. या खेपेस दोन दिवस राहिले. अण्णांनी फडताळातून लाल खारव्याचे एक बासन काढले. अडतीच्या चोपड्या बांधतात तसले. आत माझी वीस वर्षांची पत्रे, सालवार, प्रत्येकावर पोचल्याची तारीख. जणू धान्याच्या आवकेची नोंद! त्यांची नात तेव्हा तेरा वर्षांची होती. 'हिचं अक्षर बघ,' एवढे बोलून त्यांनी एक अर्धे लिहिलेले कार्ड माझ्यापुढे सरकवले. खाली दोन बोटे जागा मोकळी ठेवलेली होती.

१९९२ च्या माघात सुनेचे कार्ड आले. कोपरा फाडलेला होता. तिने लिहिले होते, 'अण्णा काल पहाटे गेले. शेवटच्या दिवशी शुद्ध होती. म्हणाले, पुण्याला तू लिही, माझ्याच कार्डांपैकी एकावर लिही. शंभरांतली अकरा उरली आहेत.' खाली तिने स्वतःचे पूर्ण नाव लिहिले होते आणि पुढे 'शिक्षिका' हा शब्द. ते कार्ड मी रीतीप्रमाणे फाडले नाही. सुतक लागत नसलेल्या नात्याला हीदेखील एक मोकळीक असते.

साने गुरुजींनी पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' पिढ्यान्पिढ्या वाचली गेली, आणि सुनीताबाई देशपांडे व जी. ए. कुलकर्णी यांच्यातला पत्रव्यवहार रसिकांनी डोक्यावर घेतला. ती मोठ्या लेखकांची पत्रे. अण्णांच्या कार्डांत वाङ्मय शोधू गेल्यास पाऊस आणि भाव यांपलीकडे फारसे हाती लागणार नाही. पण एका घरातल्या सुनेचे आयुष्य त्या कार्डांवरून पार पडले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जवळच्या माणसांना जे विचारता येत नाही, ते विचारायला एक दूरचे माणूस लागते. ज्याचा वाटणीत हिस्सा नाही, मानपानात हक्क नाही, ज्याला आपल्या दारातली गर्दी दिसत नाही, असे माणूस. दूरच्या नात्याचा मोठा गुण म्हणजे त्याचे अंतर, आणि ते अंतर ओलांडायला लागणारे तीनचार दिवस. रागात लिहिलेले वाक्य तेवढ्या वेळात निवते आणि विचारपूर्वक लिहिलेले मुरते.

आता ते दिवस राहिले नाहीत. मीटर गेज जाऊन रुंद रूळ आले. २०२३ च्या डिसेंबरअखेर जालन्याहून मुंबईला वंदे भारत धावू लागली. तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, आणि २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. पोस्टकार्ड मात्र अजून आहे, पन्नास पैशांना. सून निवृत्त होऊन कितीतरी वर्षे झाली. तिची मुलगी शिकून संसाराला लागली. आम्ही दोघी जवळजवळ एका वयाच्या म्हाताऱ्या, फोन दोघींकडे आहेत आणि त्यावर बोलतोही. पण नक्षत्र बदलले की तिचे कार्ड येते.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, तेव्हाचे तिचे कार्ड समोर आहे : 'उत्तरा नको तेवढी बरसली. सोयाबीन पाण्यात, कपाशी काळी पडली. हस्ताला हात आखडता घे म्हणावे. शाळेतील माझ्या वेळची एक विद्यार्थिनी आली होती, शेतात गुडघाभर पाणी आहे, पोरीची फी कशी भरावी म्हणून विचारीत होती. तिला तुमचा पत्ता दिला आहे. पत्र येईल.'

पत्र आले आहे. आज सोमवार. उत्तर लिहायला बसते.